आफरीनचा कायदा

"मिस मारून राह्यली गाडी. पुन्ना."

कॅमेऱ्यामागून आफरीन एवढंच म्हणायची आणि नववी ब चा सगळा वर्ग निमूटपणे पहिल्या जागेवर जायचा. जी पोरं वर्गशिक्षकांना जुमानत नसत, ती तिचं ऐकत. तिच्या अब्बांचं आर्णीत माहूर रोडवर मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. लहानपणापासून ती त्यांच्या हातात पाने देत मोठी झाली, त्यामुळे तिची सिनेमाची सगळी भाषा गॅरेजातली होती. कुणी जास्त अभिनय केला की म्हणायची, "टॅपेट वाजून राह्यले तुह्ये." कुणी तोंडातल्या तोंडात बोललं की, "चोक ओढ थोडा." आणि संवाद लांबले की, "ट्रॉली ओव्हरलोड झाली. दोन पोते उतरव." ही शेवटची सूचना बहुतेक वेळा मला असायची, कारण संवाद मी लिहायची.

आम्ही करत होतो ती मालिका होती. नाव, 'नववी ब : एक सखोल निरीक्षण'. हा खोटा माहितीपट. म्हणजे सगळं आधी ठरवलेलं, पाठ केलेलं, पण दाखवायचं असं की जणू कुणी मोठे अभ्यासक आमच्या वर्गाचं निरीक्षण करायला कॅमेरा घेऊन आले आहेत. मागून गंभीर आवाजात निवेदन. मध्येच एकेका विद्यार्थ्याला शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर बसवून मुलाखत. आणि कितीही येडपट गोष्ट बोलायची असली तरी कुणी हसायचं नाही. ही सगळ्यात अवघड गोष्ट. आफरीन स्वतः कॅमेऱ्यामागे ओढणीचं टोक दातात धरून उभी राहायची. मालिका पाच भागांची झाली तोवर त्या टोकाच्या दशा निघाल्या होत्या, आणि तिची अम्मी म्हणायची, "ही पोट्टी कपडे खाते का काय?"

कॅमेरा म्हणजे अब्बांचा कोपरा फुटलेला जुना फोन. स्टँड अब्बांनीच भंगारातल्या सळ्या वेल्डिंग करून बनवलेलं, इतकं जड की ते उचलायला दोघं लागायचे. पण वादळ आलं असतं तरी फोन हलला नसता.

या सगळ्याची सुरुवात बोंडअळीपासून झाली. एकदा शाळेच्या पटांगणात शेतकऱ्यांसाठी पडदा लावून कपाशीवरच्या किडीची फिल्म दाखवली होती. तिच्यातला तो आवाज! जड, शांत, जगातलं सगळं ठाऊक असलेला. "ही अळी बोंडाच्या आत आढळते. बाहेरून तिचे अस्तित्व सहज लक्षात येत नाही." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आफरीन बाकावर उभी राहिली आणि त्याच आवाजात गजाननकडे बोट करून म्हणाली, "हा विद्यार्थी खिडकीच्या बाजूस आढळतो. तासाला त्याचे अस्तित्व सहज लक्षात येत नाही. डबा उघडताच त्याची हालचाल सुरू होते."

वर्ग हसून कोसळला. बाकं वाजली. संध्याकाळपर्यंत तिनं फोनवर पहिला भाग काढलासुद्धा. गजानन खिडकीशी बसलेला, त्याला न कळता लांबून टिपलेला, आणि वरून तो आवाज. रात्रीतून तो आख्ख्या आर्णीत फिरला. बसस्टँडवरच्या चहावाल्यानं मला विचारलं, "तो खिडकीवाला पोट्टा तुमच्याच वर्गात हाये काय वं?"

गजानन मात्र बोलायचा बंद झाला. शेवटी आफरीन त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

"काहून हासला नाही बे तू?"

"मी तं त्या फिल्लममध्ये नव्हतोच."

"आख्खा तूच तं हाये!"

"माह्याबद्दल सगळे बोलून राह्यले," गजानन वहीतून मान वर न करता म्हणाला. "मले कोनं इचारलं?"

आफरीननं तिथंच फोन काढला, तो भाग पुसला आणि ज्यांच्याकडे गेला होता त्यांनाही पुसायला लावला. आमचा सर्वांत गाजलेला भाग! मी ओरडलेच. त्या दिवशी तिनं कायदा केला, आणि तो मोडताना मी तिला कधी पाहिलं नाही: ज्याच्यावर हसाचं, त्याले पह्यले दाखवाचं. तो हासला तं पास. नाही हासला तं डिलीट.

मग पहिला भाग नव्यानं झाला, गजाननला टाकीवर बसवून. तो डावखुरा होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यानं सांगितलं, "खिडकी मी निवडली नाही. डाव्या हातानं लिवतो, मंग बाजूच्याच्या कोपराले लागते. सरनं म्हनलं, कडेले बस. तवापासून मी अन् खिडकी संगच हाओत. आता तिले पावसाची झड लागली तं सर्दी मले होते." तेवढं झाल्यावर तो आमचा हिरोच झाला.

हा कायदा सर्वांना लागू होता. शिपाईकाकांच्या घंटेवरचा भाग त्यांना दाखवला, तर ते हसून हसून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता हे घरी माह्या बायकोले दाखवा." खेळाच्या सरांवरचा भाग त्यांना दाखवला, ते हसले नाहीत, भाग गेला. त्यात माझे फार चांगले संवाद होते. मी भांडले. आमच्या घरी बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करत, कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मला वाटायचं की ज्याच्यावर टीका करायची त्याची परवानगी घेणारा माणूस म्हणजे विकला गेलेला माणूस.

"आम्ही मालकाले पत्रक आधी दाखवून मग वाटत नाही," मी म्हणाले.

"खेळाचे सर मालक हायेत काय वो पत्रकवाली?" आफरीन म्हणाली. "त्याईचे फाटके बूट पाह्यले काय तू?"

मी पाहिले नव्हते. ती सगळं पाहायची. कुणाच्या सायकलची चेन सैल आहे, कुणाच्या डब्यात आज भाजी नाही, कोणत्या बाई सासूचा फोन आला की वर्गाबाहेर जातात. आणि पाहिलेल्यापैकी अर्ध्याहून जास्त ती कधीच चित्रित करत नसे.

मग तपासणी आली.

शाळेची तपासणी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुणालाही सांगायला नको. भिंतीवर तक्ते चढतात, फरशी दिसायला लागते, आणि हाताची तालीम होते. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा. येत नसेल तर डावा. सर फक्त उजव्या हातवाल्याला उठवणार. साहेबाला दिसतं काय? वर्गभर हातांचं जंगल! कित्येक शाळांत हे चालतं, पिढ्यान् पिढ्या, आणि कुणालाच ते खोटं वाटत नाही. आमच्या वर्गाला ते गणिताच्या राठोड सरांनी शिकवलं. राठोड सर म्हणजे शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू ठेवणारा मवाळ माणूस. पोरगं चुकलं तर ते स्वतःच ओशाळायचे.

साहेब आले. पहिला प्रश्न, हातांचं जंगल, सरांनी उजवा हात निवडला, उत्तर बरोबर. दुसरा प्रश्न, तसंच. तिसरा प्रश्न साहेबांनी अवघड विचारला. हात सगळे वर गेले, आणि सगळे डावे! राठोड सरांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत उजवा हात शोधत फिरली. एकही नाही. त्यात खिडकीशी गजाननचा डावा हात पंख्यासारखा हलत होता. त्याला उत्तर येत होतं. आधीच्या दोन्ही प्रश्नांचीही येत होती. पण तो हाडाचा डावखुरा, घाईत त्याचा तोच हात वर जायचा, आणि सर त्याला ओलांडून पुढे जायचे.

"तो खिडकीजवळचा," साहेब म्हणाले. "तू सांग."

सरांनी डोळे मिटले. गजानन उठला आणि पायऱ्यांसकट उत्तर सांगितलं. साहेब खूश! ते फळ्याकडे वळले, आणि तेवढ्यात आमच्या हातून ते झालं. नववी ब चा आख्खा वर्ग, एकाच वेळी, मान वळवून फळ्याशेजारच्या कोपऱ्याकडे गंभीरपणे बघू लागला. तिथं आमचं स्टँड असायचं. काही घडलं की कॅमेऱ्याकडे एक नजर टाकायची, ही मालिकेतली सवय अंगात इतकी मुरली होती की स्टँड त्या दिवशी तिथं नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

साहेबांनीही त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग पुन्हा कोपऱ्याकडे.

"तिथं काय आहे?"

"काही नाही, सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

आफरीननं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी ती पळत माझ्याकडे आली. "लिव! आत्ताच्या आत्ता लिव! हे आपुन बनवलं असतं तं कोनी मानलं नसतं!"

चार दिवसांत भाग तयार झाला. गजानननं गजाननच केला. राठोड सर झाली वर्गातली पायल. मिशा कोळशाच्या, खिशात खडू. टाकीवरच्या मुलाखती तर अशा की आजही आठवल्या की मला रस्त्यात हसू फुटतं. "येत असलं तं उजवा, नसलं तं डावा," एक पोरगी शांतपणे सांगते. "अन् प्रश्नच नाही समजला तं पेन पाडाचा अन् तो शोधत राह्याचं, साहेब जाईपर्यंत."

हा भाग स्नेहसंमेलनात पडद्यावर दाखवायचा, असं आमचं ठरलं. आणि तिथंच अडलं. हेडसरांना कुठून तरी कळलं. त्यांनी आफरीनला बोलावलं; मी सोबत गेले.

"दुसरा कोणता पण भाग दाखवा," हेडसर म्हणाले. "हा नाही. प्रमुख पाहुणे कोण आहेत माहीत आहे ना? तेच साहेब! हा दाखवला तर तुमची मालिका त्या दिवशी संपली. शाळेत मोबाईल दिसला तर तुझ्या अब्बांना बोलावीन."

बाहेर आल्यावर मी पेटले होते. पत्रकात लिहितात तशी वाक्यं माझ्या तोंडून धडाधड निघत होती. हे दडपण आहे! खोटं शिकवतात आणि खरं दाखवलं की बंदी! आपण दाखवूच!

"पह्यले राठोड सर," आफरीन म्हणाली.

प्रयोगशाळेत तिनं सरांना भाग दाखवला. आम्ही दाराशी उभ्या होतो. सरांनी शेवटपर्यंत पाहिलं. कुठंच हसले नाहीत. फोन परत देताना म्हणाले, "छान झालं गं," आणि चष्मा पुसत निघून गेले.

आफरीननं बोट पुसण्याच्या खुणेवर नेलं. मी तिचा हात धरला.

"हे खरं आहे, आफरीन. खरं पुसायचं?"

"सर हासले नाही."

"सरांच्या हसण्यावर सत्य अवलंबून आहे का?"

"तू समजून नाही राह्यली वं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "हातवालं सगळेच शिकवते. हेडसरले माहीत हाये. साहेबाले बी माहीत असन. अन् पडद्यावर दिसते कोन? एकटे राठोड सर. सगळ्याईचं वझं त्या एका मानसावर टाकून आपुन हासून राह्यलो. तुह्या बाबाच्या पत्रकात असं करते काय, सांग मले?"

बाबांची पत्रकं नेमकं हेच सांगत असत, की एका गड्याला चोर ठरवून मालक मोकळा होतो.

तरी तिनं भाग पुसला नाही. लगेच पुसला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, हे उजव्या-डाव्याचं तुमाले कोनं शिकवलं?"

"कोण शिकवणार? मी पोरगा होतो तेव्हा आमच्या शाळेत हेच होतं. मी डाव्यावाला."

"तुमी? गनितात?"

"गणितातच. साहेबापुढं अब्रू राहायची, बरं वाटायचं. तुमचीही राहावी म्हणून शिकवलं." खिशातला खडू त्यांनी बोटांत फिरवला. "फक्त एक झालं. हात वर होता, म्हणून मला येत नाही हे कोणाला समजलंच नाही. अपूर्णांक मी नोकरीला लागायच्या आधी शिकलो, एकट्यानं, रडत."

"हे सांगता काय सर? टाकीवर बसून?"

मला वाटलं, आता ते रागावणार. पण सर म्हणाले, "केस विंचरून येतो."

मुलाखत एका दमात झाली. "मिस मारून राह्यली" म्हणायची वेळच आली नाही. सरांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी आफरीननं कॅमेऱ्यामागून विचारलं, "मंग सर, नसन येत तं पोरानं काय कराव?" सर म्हणाले, "हात वर करून म्हणावं, येत नाही. मी तर अजून कुणाला तसं करताना पाहिलं नाही. मास्तरांनासुद्धा."

हेडसरांकडे राठोड सर स्वतः गेले, आफरीनला सोबत घेऊन. "भागात मी आहे आणि माझी हरकत नाही," एवढंच म्हणाले. हेडसरांनी हात झटकले. "जबाबदारी तुमची. आणि तू ऐक गं, साहेब उठून गेले तर मालिका बंद. कायमची."

आता एकच उरलं होतं. मुलाखत जोडलेला नवा भाग सरांना आधी दाखवणं. आफरीन फोन घेऊन गेली, तर सरांनी मान हलवली.

"आता नको. सगळ्यांसोबत पाहतो."

"पन सर, माह्या कायद्यात..."

"तुझ्या कायद्यात एक गोष्ट राहिली," सर म्हणाले. "मागच्या वेळी एकट्यानं पाहिलं. एकट्या माणसाला स्वतःवर हसू येत नसतं."

आफरीन परत आली ती पार गोंधळून. तिच्या चेहऱ्यावर भीती मी तेवढीच एकदा पाहिली. साहेबांची भीती नव्हती ती. "नाही हासले तं?" ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. "सगळ्या गावापुढं नाही हासले तं मी काय करू?"

आज आफरीन नागपूरला शिकते. आमचं बोलणं होतं, फोनवर. ती मला अजूनही म्हणते की माझ्या लेखात दोन पोती जास्त असतात. पण तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी सांगते ती स्नेहसंमेलनाची संध्याकाळ.

मंडप गच्च भरलेला. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी हेडसर, आणि टोकाच्या खुर्च्यांवर राठोड सर आणि त्यांची बायको. प्रोजेक्टरची वायर भिंतीवरच्या बोर्डात. सगळे दिग्दर्शक पडद्याकडे बघतात; आफरीन पडद्याकडे पाठ करून त्या बोर्डाशी उभी राहिली. प्लगवर हात. तिनं मला आधीच सांगितलं होतं, "सर अवघडले तं मी ओढनार. मंग लोक मले माराले धावले तरी चालते."

भाग सुरू झाला. हातांचं जंगल आलं आणि मंडप हसायला लागला. डावखुरा गजानन आला आणि मागच्या बाजूला पोरं उभी राहून शिट्ट्या मारू लागली. हेडसर साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, पापणी न हलवता. आफरीन राठोड सरांकडे. साहेब उठून गेले नाहीत, पण हसत होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही, कारण मीही तिच्या नजरेमागोमाग सरांकडेच बघत होते. सर ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. चेहरा कोरा.

पडद्यावर साहेबांनी खिडकीकडे बोट केलं. कोळशाच्या मिशांच्या पायलनं डोळे गच्च मिटले आणि पुटपुटली, "ये याडी!" याडी म्हणजे आई, बंजारा तांड्यावरच्या घरात संकटात तोंडातून निघणारा शब्द. सरांच्या तोंडून तो तपासणीत निघाला होता, आणि पहिल्या बाकावरच्या पायलनं तो बरोबर ऐकला होता.

मंडपात हशा उसळला. सर हलले नाहीत. आफरीनची बोटं प्लगभोवती आवळली गेली. मी पाहिलं, प्लग बोर्डातून थोडा बाहेरही आला.

आणि सरांच्या बायकोनं त्यांच्या दंडावर चापट मारली. एवढ्या मोठ्यानं की तीन रांगांना ऐकू आलं. "अहो! घरी गॅस संपला की हेच म्हणता तुमी! अस्सेच डोये मिटता!"

सरांनी बायकोकडे पाहिलं. मग पडद्याकडे, मिटल्या डोळ्यांच्या पायलकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाजच नव्हता. मग तो आला, आणि आला तो थांबेचना. चष्मा हातात, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर, खिशातला खडू खाली पडून फुटला तरी त्यांना पत्ता नाही. बाकीचा मंडप शांत झाला, पडद्यावर टाकीवर बसलेले खरे राठोड सर बोलू लागले, आणि खुर्चीतले राठोड सर अजून हसतच होते.

आफरीननं तळव्यानं प्लग धाडकन पुरता आत ढकलला. हात सोडला. ओढणीचं टोक तोंडातून काढलं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं हसू तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं. भिंतीला पाठ टेकवून, खाली बसून, पाय पसरून ती हसत होती. पडद्याकडे मात्र तिनं अजून एकदाही पाहिलं नव्हतं.